स्कॅनर म्हणतो ‘काही सापडलं नाही’. पण त्याला विचारलं काय होतं?

कुठल्या तरी संस्थेचा डेटा चोरीला गेल्याची बातमी आली की तिच्यामागोमाग एक खुलासा हमखास येतो: ‘आमच्या यंत्रणेची सुरक्षा तपासणी वेळोवेळी झालेली होती.’ बहुतेकदा ते खरंही असतं. तपासणी झालेली असते, अहवाल आलेला असतो, त्यात हिरव्या चौकटीत मोठं शून्य असतं. मग चोर शिरला कुठून?

असाच एक अहवाल मध्यंतरी एका ओळखीच्यांनी मला दाखवला. तपासणी बाहेरच्या एका कंपनीकडून करून घेतलेली. चाळीसेक पानं, रंगीत तक्ते, निष्कर्ष एका ओळीचा: धोकादायक काही आढळलं नाही. मी सवयीने आधी परिशिष्ट उघडलं. तिथे स्कॅनरने लिहिलेली मूळ फाइल जशीच्या तशी जोडलेली होती. अशा फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत, कोणता आदेश देऊन ती तपासणी केली, हे स्कॅनर स्वतःच नोंदवून ठेवतो. त्या ओळीत पत्त्याखेरीज दोनच गोष्टी होत्या: ‘डॅश टी चार’ आणि ‘डॅश एफ’. उरलेली पानं मी वाचली नाहीत.

का वाचली नाहीत, ते सांगण्यासाठी हा लेख.

### आधी पोर्ट म्हणजे काय ते

नेटवर्कवरचा प्रत्येक संगणक ही एक इमारत समजा. तिला एक पत्ता असतो आणि दारं असतात, तीही थोडीथोडकी नाहीत, ६५,५३५. या दारांना पोर्ट म्हणतात. ४४३ क्रमांकाच्या दारामागे सहसा वेबसाइट बसलेली असते, २२ च्या मागे दुरून लॉगिन करू देणारी सेवा, ४४५ च्या मागे विंडोजची फाइल-देवाणघेवाण. बहुतेक दारांमागे कुणीच नसतं. आणि ही झाली टीसीपी नावाच्या पद्धतीची दारं; यूडीपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीची तेवढीच आणखी असतात.

स्कॅनर म्हणजे ही दारं वाजवून पाहणारा प्रोग्रॅम. त्यातला सर्वांत प्रसिद्ध एनमॅप. ‘फ्योदोर’ या टोपणनावाने वावरणाऱ्या गॉर्डन लायन यांनी तो सप्टेंबर १९९७ मध्ये ‘फ्रॅक’ या ऑनलाइन मासिकात प्रसिद्ध केला आणि आजही तो रोजच्या वापरात आहे. कोणतं दार उघडं, हे तो सांगतोच. शिवाय दारामागच्या प्रोग्रॅममध्ये माहीत असलेला एखादा कच्चा दुवा आहे का, म्हणजे ज्याचा फायदा घेऊन आत शिरता येईल अशी चूक आहे का, हेही तो पाहू शकतो. ‘पाहू शकतो’ म्हटलं, ‘पाहतो’ नाही.

हा प्रोग्रॅम चालतो तो काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करून. आधी प्रोग्रॅमचं नाव, मग पर्याय, शेवटी पत्ता. पर्याय म्हणजे डॅश आणि त्यापुढची अक्षरं. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत टाइप करतात. इथे मी, शेजारी बसून कुणी तोंडी सांगावं तशी ती लिहितो आहे. लहान-मोठ्या अक्षराला फार महत्त्व असतं. ‘डॅश एस, लहान एन’ म्हणजे दारं वाजवूच नकोस, इमारत जागेवर आहे की नाही एवढंच बघ. ‘डॅश एस, मोठं एन’ म्हणजे एका चमत्कारिक पद्धतीने दारं वाजव. बोट शिफ्टवर पडलं की नाही, एवढाच दोन्हींतला फरक.

पर्यायांकडे रक्ततपासणीच्या अर्जासारखं बघा. डॉक्टरांनी ज्या चौकटीत खूण केली, तेवढंच प्रयोगशाळा तपासते. साखरेपुढे खूण नसेल तर अहवालात साखर वाढलेली दिसणार नाही, आणि म्हणून ती वाढलेली नाही असं होत नाही. स्कॅनरचा अहवाल हातात आला की तो अर्ज मागवा, एवढंच माझं म्हणणं आहे. पुढे आहेत त्या अर्जावरच्या चौकटी.

### किती दारं वाजवली?

काहीच सांगितलं नाही तर एनमॅप ६५,५३५ पैकी फक्त १,००० दारं वाजवतो, जी सर्वाधिक वापरात असतात ती. ‘डॅश मोठं एफ’ लावलं, की १०० च. ‘डॅश लहान पी’ लावून पुढे क्रमांक दिले तर नेमकी तेवढी दारं. आणि ‘डॅश पी’ ला चिकटून आणखी एक नुसता डॅश दिला, तर सगळी.

नेहमी वापरातली हजार दारं पाहिली तर काय बिघडलं, असं वाटणं साहजिक आहे. अडचण अशी की ‘नेहमी वापरातली’ हे कुणीतरी कधीतरी मोजलेलं असतं. एनमॅपची ही क्रमवारी मुख्यतः २००८ साली लायन यांनी इंटरनेटवर केलेल्या मोठ्या मोजणीवर उभी आहे. रेडिस आणि मोंगोडीबी हे डेटा साठवणारे दोन अतिशय लोकप्रिय प्रोग्रॅम लोकांसमोर आले ते २००९ मध्ये. रेडिसचं नेहमीचं दार ६३७९, मोंगोडीबीचं २७०१७. दोन्ही त्या हजारांत नाहीत!

आता जानेवारी २०१७ आठवा. इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडे पडलेले मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस कुणीतरी रिकामे केले आणि जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली. त्यातल्या एखाद्या संगणकावर आदल्या दिवशी कुणी काहीही पर्याय न देता एनमॅप चालवला असता, तर २७०१७ चं दार अहवालात आलंच नसतं. स्कॅनर खोटं बोलला असं म्हणता आलं नसतं. त्या दाराबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

### दार वाजवण्याआधीच माघारी फिरला तर?

माझ्या मते सर्वांत जास्त फसवणूक इथे होते, म्हणून जरा थांबतो.

दारं वाजवण्याआधी एनमॅप इमारतीत कुणी आहे का, हे बघायला रस्त्यावरून एक हाक मारतो. रोजच्या भाषेत याला पिंग करणं म्हणतात. उत्तर आलं नाही तर तो ‘संगणक बंद दिसतो’ असं समजून पुढे जातो, एकही दार न वाजवता. हेतू चांगला आहे. हजार पत्त्यांच्या यादीत नऊशे रिकामे असतील तर त्यांच्यावर वेळ कशाला घालवायचा?

पण फायरवॉल, म्हणजे ये-जा अडवणारा पहारेकरी, अशा हाका अनेकदा सरसकट गिळून टाकतो. विंडोजच्या संगणकांवर तर हे नेहमीचंच. मग चालू असलेला, दार उघडं असलेला संगणक ‘बंद’ म्हणून गणला जातो आणि अहवालातून गळतो. स्कॅनर अगदीच गप्प बसत नाही. एकाच पत्त्याची तपासणी असेल तर संगणक खरंच चालू असल्यास ‘डॅश मोठं पी, लहान एन’ लावून बघा असं तो सुचवतोही. त्या पर्यायाचा अर्थ: हाक मारू नकोस, सगळे घरात आहेत असं धरून थेट दारं वाजव. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते, कारण रिकाम्या पत्त्यांवरही तो तितक्याच निष्ठेने दारं वाजवत बसतो.

तेव्हा अहवालात ‘किती संगणक तपासले’ हा आकडा आणि ‘किती संगणक प्रत्यक्षात आहेत’ हा आकडा शेजारी ठेवा. दोन्ही जुळत नसतील तर बाकीच्या तक्त्यांना नंतर हात लावावा.

### उघडं, बंद आणि गप्प

दार वाजवल्यावर तीन गोष्टी होऊ शकतात. आतून ‘या’ असं आलं, तर उघडं. ‘इथे कुणी नाही’ असं आलं, तर बंद; म्हणजे निदान इमारत तरी बोलते आहे. काहीच आलं नाही, तर एनमॅप त्याला फिल्टर झालेलं म्हणतो: आमची टकटक वाटेतच कुणीतरी झेलली. लोक ‘फिल्टर’ हा शब्द वाचून निश्चिंत होतात. वास्तविक त्याचा अर्थ ‘मला कळलं नाही’ असाच आहे. आज ज्या जागेवरून मी वाजवलं, तिथून कळलं नाही. कार्यालयातल्याच दुसऱ्या संगणकावरून वाजवलं तर तेच दार सताड उघडं सापडू शकतं. तपासणी बाहेरून केली की आतून, हे कोणत्याही डॅशमध्ये लिहिलेलं नसतं; ते विचारावंच लागतं. ‘डॅश डॅश रीझन’ हा पर्याय मात्र जरूर मागावा. त्याने प्रत्येक दारापुढे ‘उघडं का म्हटलं, बंद का म्हटलं’ याचं कारण छापून येतं.

वाजवण्याच्याही तऱ्हा आहेत. टीसीपीत ओळख तीन पायऱ्यांनी होते: मी ‘बोलू का’ म्हणतो, समोरचा ‘बोल’ म्हणतो, मी ‘बरं’ म्हणतो. ‘डॅश एस, मोठं एस’ मध्ये स्कॅनर दुसऱ्या पायरीनंतर पळ काढतो. दार उघडं आहे हे कळलं, आता संभाषण कशाला? ‘डॅश एस, मोठं टी’ मध्ये तो तिन्ही पायऱ्या पूर्ण करतो. पहिल्या पद्धतीला संगणकावर प्रशासकाचे अधिकार लागतात. ते असतील तर एनमॅप आपणहून पहिली पद्धत वापरतो, नसतील तर दुसरी. म्हणजे दोन सहकाऱ्यांनी अगदी एकच ओळ टाइप केली तरी पडद्याआड दोन वेगळ्या तपासण्या होऊ शकतात.

आणि यूडीपी? ‘डॅश एस, मोठं यू’ असं मागितल्याशिवाय ती दारं कुणी वाजवतच नाही. नावांचे पत्ते शोधून देणारी डीएनएस ५३ वर, उपकरणांची माहिती देणारी एसएनएमपी १६१ वर, या सेवा तिकडेच राहतात. ही दारं वाजवणं कंटाळवाणं असतं हेही खरं. उघडं दार बरेचदा गप्प राहतं आणि बंद दार ‘कुणी नाही’ म्हणतं. त्यातही अनेक यंत्रणा असं उत्तर सेकंदाला एकच देतात. एनमॅपच्या माहितीपुस्तिकेत जुन्या लिनक्सचं उदाहरण आहे: सगळी यूडीपी दारं तपासायला अठरा तासांहून अधिक. म्हणून लोक ती वगळतात. वगळायला हरकत नाही. वगळली असं लिहायला हवं.

### दारामागे कोण आहे?

आत्तापर्यंत फक्त दारं झाली. कच्च्या दुव्यांचा विषय अजून निघालेलाच नाही.

‘डॅश एस, मोठं व्ही’ लावलं की स्कॅनर उघड्या दारात थोडा वेळ उभा राहतो, दोन-चार प्रश्न विचारतो आणि आतला प्रोग्रॅम कोणता, कितव्या आवृत्तीचा, याचा अंदाज बांधतो. इथे एक गमतीची अडचण आहे. ९१०० क्रमांकाच्या दारावर बरेच प्रिंटर ऐकत असतात आणि जे कानावर पडेल ते ते छापतात. स्कॅनरचे प्रश्नसुद्धा. अगम्य मजकुराची पानंच्या पानं बाहेर पडू लागतात. त्यामुळे ही चौकशी करताना एनमॅप ते दार मुद्दाम टाळतो. तुम्हाला प्रिंटरशी बोलायचंच असेल तर ‘डॅश डॅश ऑलपोर्ट्स’ असं सांगावं लागतं.

आवृत्ती कळली म्हणजे कच्चा दुवा कळला का? नाही, आणि हे बऱ्याच अहवाल लिहिणाऱ्यांनाही उमजलेलं नसतं. एप्रिल २०१४ मधला हार्टब्लीड घ्या. वेबसाइटशी होणारं संभाषण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधल्या या चुकीतून सर्व्हरच्या स्मृतीतला मजकूर बाहेर गळत होता. मूळ प्रकल्पाने दुरुस्ती दिली ती १.०.१जी या आवृत्तीत. डेबियन लिनक्सने मात्र तीच दुरुस्ती आपल्याकडच्या जुन्या १.०.१ई मध्ये बसवली आणि आकडा तसाच ठेवून मागे एक शेपूट लावलं. आता नुसता आकडा वाचणारा स्कॅनर दुरुस्त झालेल्या यंत्राला आजारी ठरवणार. उलटही होतं: आकडा लपवलेला असतो आणि आजारी यंत्र निरोगी ठरतं.

म्हणून आकड्यावर न थांबता प्रत्यक्ष चाचणी घ्यावी लागते. त्यासाठी ‘डॅश डॅश स्क्रिप्ट’. एनमॅपबरोबर अशा छोट्या चाचण्यांचा मोठा संच येतो, गटांमध्ये विभागलेला. ‘व्हल्न’ हा गट कच्चे दुवे शोधतो, ‘सेफ’ गटात निरुपद्रवी चाचण्या, ‘डॉस’ गटातल्या चाचण्यांनी समोरची सेवा कोलमडू शकते. हार्टब्लीडसाठी त्यात एक चाचणी आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम ज्या वाटेने पसरला, त्या विंडोजच्या ४४५ क्रमांकाच्या दारातल्या चुकीसाठी दुसरी. मायक्रोसॉफ्टने ती चूक १४ मार्चला दुरुस्त केली होती, वॉनाक्राय आला १२ मे रोजी. मधले एकोणसाठ दिवस आपली कोणती यंत्रं दुरुस्तीवाचून राहिली आहेत, हे शोधण्यासाठी हातात होते.

‘व्हल्न’ गटातल्या चाचण्या सहसा काही सापडलं तरच बोलतात. तेव्हा इथल्याही शांततेचे दोन अर्थ होतात: दोष नाही, किंवा त्या दोषाची चाचणीच संचात नाही. नेसस किंवा ओपनव्हाससारखे खास याच कामाचे स्कॅनर चाचण्यांचा बराच मोठा साठा बाळगतात आणि लॉगिन दिलं तर आत जाऊन काय काय बसवलं आहे तेही वाचतात. तरी लॉगिन दिलं होतं का, हा प्रश्न अर्जावर राहतोच.

### मग सगळेच पर्याय एकदम का लावू नयेत?

कारण तपासणीचा भार तपासल्या जाणाऱ्यावर पडतो. वेगासाठी ‘डॅश मोठं टी’ आणि पुढे शून्य ते पाच असा आकडा असतो. शून्यावर स्कॅनर दोन टकटकींच्या मध्ये पाच मिनिटं थांबतो. पाचावर तो इतका घाईत असतो की उशिरा आलेलं उत्तर ऐकायला थांबत नाही, आणि उघडं दार निसटतं. काहीच न सांगितल्यास तीन. चांगल्या नेटवर्कवर चार बहुधा चालतो. जुनी यंत्रं, कारखान्यातले नियंत्रक, स्वस्तातली उपकरणं मात्र नुसत्या चौकशीनेही अडकून पडू शकतात. वेग वाढवायचा की पूर्णता, हा सौदा प्रत्येक तपासणीत करावाच लागतो. तो केला याबद्दल तक्रार नाही.

दुसऱ्याच्या इमारतीची दारं लेखी परवानगीशिवाय वाजवू नयेत, हे ओघाने आलंच. शिकायचं असेल तर स्वतःचा संगणक आहे, शिवाय एनमॅपच्या लोकांनी ‘स्कॅनमी’ नावाचा एक सर्व्हर सरावासाठी खुला ठेवलेला आहे.

### हे चोरांनाच शिकवणं नाही का?

हा आक्षेप जुना आहे. १९९५ मध्ये डॅन फार्मर आणि वित्से व्हेनेमा यांनी ‘सेटन’, म्हणजे ‘सैतान’, नावाचा तपासणी-प्रोग्रॅम खुला केला तेव्हा यावरून बरंच वादळ उठलं होतं. सैतानाचं नाव ज्यांना खटकेल त्यांच्यासाठी त्यात ‘रिपेंट’, म्हणजे ‘पश्चात्ताप’, नावाची एक आज्ञा होती. ती चालवली की प्रोग्रॅमचं नाव बदलून ‘सांटा’ व्हायचं.

गंमत सोडा. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झीमॅप दाखवला: एक संगणक, एक चांगली जोडणी, आणि नेहमीच्या जुन्या पत्त्यांच्या पूर्ण इंटरनेटवर एक ठरावीक दार पाऊण तासाच्या आत वाजवून होतं. ‘आमच्यासारख्या लहानांकडे कोण बघतंय’ हे समाधान तेव्हापासून उरलेलं नाही, कारण कुणी तुम्हाला निवडून बघत नाही, सगळ्यांकडेच बघतात. चोराला हे पर्याय ठाऊक आहेत. अहवालावर सही करणाऱ्याला ते ठाऊक नसतात.

### बटणं दाबून चालणारी सोय असताना हे कशाला?

बटणांची सोय आहे, आणि ती वापरण्यात कमीपणा नाही. एनमॅपचंच झेनमॅप हे बटणांचं रूप आहे. त्यात यादीतून एक प्रकार निवडायचा, पत्ता भरायचा, कळ दाबायची. पण ती यादी म्हणजे कुणीतरी आधीच खुणा करून ठेवलेले अर्ज आहेत. झेनमॅप ते लपवत नाही: जो प्रकार निवडाल, त्याचा पूर्ण आदेश वरच्या चौकटीत लगेच दिसतो. ‘इंटेन्स स्कॅन’ निवडलं की तिथे ‘डॅश मोठं ए’ दिसतं, ज्यात आवृत्तीची चौकशी, ऑपरेटिंग सिस्टिमचा अंदाज, नेहमीच्या चाचण्या आणि वाटेचा माग असं चार गोष्टींचं गाठोडं असतं. दारं मात्र तिथेही हजारच.

त्याच यादीत खाली ‘क्विक स्कॅन’ आहे. ते निवडलं की चौकटीत उमटतं: एनमॅप, डॅश टी चार, डॅश एफ. चाळीस पानी अहवालाच्या परिशिष्टातली पहिली ओळ अक्षरन् अक्षर हीच होती. शंभर दारं, जरा घाईत वाजवलेली; आवृत्तीची चौकशी नाही, एकही चाचणी नाही. मी ओळखीच्यांना त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून दिली आणि शेजारी लिहिलं, ‘यात कच्चे दुवे शोधायला सांगितलेलं नाही.’